नान्नजच्या माळावर वसंतात : स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यात आम्ही स्वयंसेवक म्हणून काम करतो. होळीच्या आसपास ज्वारीची काढणी उरकते, माळावरचं गवत पिवळं पडतं आणि "आम्हालाही यायचंय" असे निरोप सुरू होतात. सोलापूर, बार्शी, मोहोळ, तुळजापूर, कुठूनही आलेले असोत, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आम्ही वन विभाग नव्हे. त्यांच्या परवानगीने, त्यांच्या वनरक्षक-वनमजुरांच्या बरोबरीने काम करणारे सोलापूरकर आहोत. नियमांबाबत शेवटचा शब्द नान्नजच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा.

अभयारण्य नक्की कुठे आहे? कसं यायचं?

सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर नान्नज. वैराग-बार्शीकडे जाणारी एसटी गावावरूनच जाते. नुसतं बघायला यायचं असेल तरी आधी कार्यालयात नोंद करा. कामाला यायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी कळवा. थेट गाडी घेऊन माळात घुसायचं नाही.

अभयारण्य म्हटल्यावर लोकांना कमान, तिकीटघर आणि पलीकडे दाट जंगल अपेक्षित असतं. इथे तसं काही नाही. वन विभागाच्या ताब्यातले गवताळ तुकडे, मध्येच कोणाचं शेत, पुढे गायरान, पुन्हा गवत. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके, त्यातली गावं, बागायती, कारखाने सगळं धरून. जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, त्यामुळे लोक वैतागले आणि त्यांचा राग माळढोकावर निघाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. गावात कामाला जाताना हा इतिहास ध्यानात ठेवा. एखादे आजोबा "आला का तुमचा माळढोक?" असं तिरकं विचारतात, तेव्हा त्या प्रश्नामागे कित्येक वर्षांचा त्रास असतो.

माळढोक दिसेल का?

दिसेल असं धरून येऊ नका. हे आम्ही फोनवरही आधीच सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजचे माळढोक जगासमोर आणले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी इथे मुक्काम ठोकून या पक्ष्याचा अभ्यास केला. त्या काळात पावसाळ्यात गवतात छाती फुगवून उभा राहिलेला नर पाहिलेले लोक आजही सोलापुरात आहेत. आता तो इथे दिसणं अतिशय दुर्मिळ झालं आहे. २०११ पासून जगभरात त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते आणि उरलेल्यांपैकी बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत.

कारणं एकापाठोपाठ एक आली. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कुत्र्याने खाल्लं किंवा मेंढरांच्या पायाखाली गेलं की त्या वर्षीची वीण बुडाली. पक्षी जड, नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. आणि माळच तुटत गेला. पूर्वी माळाच्या कडेला कोरडवाहू ज्वारी, करडई, तूर असायची आणि त्या रानात माळढोक निवांत किडे टिपत फिरायचा. विहिरी-बोअर झाल्या, ऊस आला, द्राक्षं आली. नान्नज तर द्राक्षासाठीच नावाजलेलं गाव. नानासाहेब काळे यांनी इथेच सोनाका आणि शरद सीडलेस या जाती पुढे आणल्या. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, पोट त्यालाही आहे. पण मांडव आणि तारांच्या बागेत मीटरभर उंचीचा पक्षी उतरू शकत नाही, हेही तितकंच खरं.

तरीही आम्ही या माळाची राखण करतो. गवत टिकलं तरच तो कधी परतू शकेल. आणि तो येईपर्यंत इथे राहणाऱ्या बाकीच्यांचं घर तरी शाबूत राहील.

मग वसंतात बघायला असतं काय?

पुष्कळ असतं. फक्त हिरवं काही शोधू नका. आपल्या माळाचा वसंत पिवळा-तपकिरी. कडुनिंबाला मोहर येतो, नेपतीच्या पानं नसलेल्या फांद्या लाल फुलांनी भरतात, बोरी-बाभळी धुळकट उभ्या असतात. बाकी सगळं वाळलेलं गवत. आणि त्या गवतात याच दिवसांत धांदल चाललेली असते.

काळवीट हमखास दिसतात. मार्च-एप्रिल हा त्यांच्या माजाचा एक काळ. नर आपापली जागा धरून बसतात. एकाच ठिकाणी रोज लेंड्या टाकून ढीग करतात, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा काळपट चिकट स्राव काडीच्या टोकाला लावतात आणि दुसरा नर हद्दीत आला की नाक वर, शिंगं पाठीला टेकवून ताठ चालत सामोरे जातात. पायवाटेने जाताना गवताच्या काडीवर काळा टिपका दिसला तर हात लावू नका, ती त्याच्या हद्दीची खूण आहे. सकाळच्या उन्हात नराची काळी पाठ आणि पांढरं पोट लांबूनही ओळखू येतं. दुर्बीण नसली तरी चालतं.

चंडोल कुळातले पक्षी आता गाण्यात असतात. डोंबारी सरळ वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला लागणार इतक्यात सावरतो, शीळ घालत पुन्हा वर जातो. हे तासन् तास चालतं. माळटिटवी आणि धाविक उघड्या, खड्यांच्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाऊल टाकताना दिसत नाहीत. म्हणूनच मार्चनंतर आम्ही पायवाट सोडू देत नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तुम्ही तिच्या घरट्याजवळ आहात असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

पाहुणे निघायच्या तयारीत असतात. हिवाळाभर गवतावरून तरंगत फिरणारे मोन्टेगूचे भोवत्ये हे शिकारी पक्षी मार्चअखेरीस मध्य आशियाकडे परततात. त्याआधीच्या संध्याकाळी ते मुक्कामाला एकेक करून गवतात उतरतात. ते बघायचं असेल तर मार्चचा पहिला पंधरवडा चुकवू नका. भोरड्यांचे थवेही याच सुमारास परतीसाठी गोळा होतात. संध्याकाळी आभाळात एकदम वळणारा काळा पट्टा दिसला तर त्याच.

लांडगा दिसला तर नशीब. खोकड पहाटे किंवा दिवेलागणीला दिसतं. एप्रिलमध्ये बिळाच्या तोंडाशी पिल्लं खेळताना दिसू शकतात. तरसाचा माग धुळीत सापडतो, प्रत्यक्ष तरस क्वचितच. सापमार गरुड, कापशी घार, खाटीक, तित्तर, लावा, नीळकंठ, करवानक ही नावं तुमच्या वहीत पहिल्या एक-दोन सकाळींतच चढायला हवीत.

पण एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर पाणवठ्यापासून लांब, आडोशाला सकाळी आठ-साडेआठला बसा. पखुर्ड्या, म्हणजे भाट तितर, उन्हं वर आली की "कुट्-रो, कुट्-रो" करत जोडीजोडीने उडत येतात. आधी लांब उतरतात, मान उंचावून बघतात, मग घाईघाईने चालत काठाशी येतात. दहा-बारा घोट आणि परत. या दिवसांत पिल्लं असलेला नर मात्र थांबतो. पाण्यात पोटापर्यंत उतरतो, अंग सैल करून डावी-उजवीकडे हलतो, पोटाची पिसं पाण्यात घासतो. ती पिसं पाणी शोषून धरतात. मग तो तसाच ओलाचिंब उडून माळात पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाच्या पिसांत चोच घालून पाणी पितात. इतक्या उन्हात, उडता न येणाऱ्या पिल्लांना पाणी पोचवायचा दुसरा मार्ग नाही. कोणी पाणवठ्याच्या काठावर डबा खात बसलं तर हा नर उतरतच नाही. "जरा लांब बसा" असं आम्ही पुन्हा पुन्हा का म्हणतो ते यावरून कळावं.

आम्हाला झाडं लावायची आहेत. रोपं घेऊन येऊ का?

नको. कृपा करून नको.

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत प्रेमाने विचारला जाणारा हा प्रश्न आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, कंपनीचा उपक्रम, शाळेची सहल, सगळ्यांना रोपं लावायची असतात. भावना चांगलीच आहे, पण जागा चुकते.

उजाड दिसणारा माळ म्हणजे तोडलेलं जंगल असं आपल्याला शाळेपासून वाटत आलं आहे. सरकारी कागदांतही गवताळ जमीन "पडीक" म्हणूनच नोंदली जाते. प्रत्यक्षात सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात, मुरमाड उथळ जमिनीवर गवत हीच खरी वनस्पती. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवतं इथे हजारो वर्षं आहेत आणि काळवीट, माळढोक, धाविक, चंडोल त्यांच्याबरोबर घडले आहेत. या प्राण्यांची सगळी भिस्त लांबवर दिसण्यावर. काळवीट शत्रू लांबून हेरतो आणि पळतो. झाडांची गर्दी झाली की तो आंधळा होतो.

नान्नजला हे घडून गेलेलं आहे. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही तुकडे चराईला बंद झाले, गवत वाढलं आणि माळढोकांना विणीला जागा मिळाली. पुढे त्याच योजनांमधून गिरिपुष्प, सुबाभूळ असली झाडं लावली गेली. झाडं मोठी झाली तसे पक्षी त्या तुकड्यांतून हटले. हेतू वाईट नव्हता, माळ कसा चालतो हे समजून घेतलेलं नव्हतं, इतकंच.

रोपं लावायचीच असतील तर ती तुमच्या गल्लीत, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लावा आणि दोन उन्हाळे पाणी घाला. सोलापूर शहराला सावलीची फार गरज आहे. माळाला नाही.

मग स्वयंसेवकांना काम काय असतं?

तीन मोठी कामं: टँकरने भरायचे पाणवठे, वणवा आणि वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी काटेरी बाभूळ. पहिल्या दोन्हींबद्दल पुढे आहे. बाकी किरकोळ.

वेडी बाभूळ उपटायचं काम सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत मोलाचं. शेळ्या-मेंढ्या तिच्या शेंगा खातात, बी लेंडीतून माळभर पसरतं. रोप गुडघ्याएवढं असताना मुळासकट निघालं तर निघालं. नुसतं कापलं तर एका खोडाची पाच होतात आणि पुढच्या वर्षी काट्यांची जाळीच उभी राहते. म्हणून कुदळीने भोवतीची माती सैल करायची, सोटमूळ हाती लागेपर्यंत खणायचं, मग ओढायचं. मार्चमध्ये जमीन दगडासारखी असते. चामड्याचे हातमोजे लागतात. काटा चपलेतूनच काय, पातळ बुटातूनही आरपार जातो. कोणतं रोप काढायचं हे वनरक्षक दाखवतात. ते दाखवतील तेच काढायचं. हिवर, साधी बाभूळ आणि बोर ही इथलीच झाडं आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

किरकोळ कामांत रस्त्याकडेचं प्लॅस्टिक गोळा करणं, गाडीखाली मेलेल्या प्राण्यांची जागा-वेळ लिहून ठेवणं, कठडा नसलेल्या विहिरींची यादी करणं. ही विहिरींची यादी कंटाळवाणी वाटते, पण रात्री उघड्या विहिरीत पडणारे लांडगे-खोकड वाचतात ते अशा यादीमुळेच.

टँकरने पाणी ओतणं योग्य आहे का? प्राणी आपलं आपण शोधत नाहीत का?

चांगला प्रश्न आहे, आमच्यातही यावर वाद होतात. काळवीट पुष्कळ दिवस चाऱ्यातल्या ओलाव्यावर काढू शकतो. पूर्वी ओढ्यांना झरे असायचे, ते आता बोअरच्या उपशाने आटले. पाणी शोधत प्राणी बागायतीत शिरतात, तिथे कुंपण, कुत्री, डांबरी रस्ता. आपणच पाणी पळवलं असेल तर थोडं परत द्यायला हवं, असं आमचं मत.

पण पाणवठा कसा असावा याला महत्त्व आहे. बशीसारखा उथळ, काठ सगळीकडून उतरता. मध्यभागी दगड, म्हणजे मधमाश्या आणि छोटे पक्षी बुडत नाहीत. भोवती झुडूप नको, नाहीतर दबा धरायला जागा होते. दर आठवड्याला शेवाळ खरवडायचं, जुनं पाणी काढून टाकायचं, मगच नवं भरायचं. साबण, ब्लीचिंग काहीही वापरायचं नाही. काथ्या आणि ताकद पुरते. काम सकाळी नऊनंतर करतो, पखुर्ड्या पिऊन गेल्यावर.

वणवा दिसला तर काय करायचं?

सर्वांत आधी फोन करा. कार्यालयात कळवा किंवा वन विभागाच्या हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनीवर १९२६ लावा.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. वीज पडून लागणारी आग इथे जवळपास नसतेच. आग माणूस लावतो: बांध पेटवताना, उसाचं पाचट जाळताना, विडीचं थोटूक टाकताना, कधी "जाळलं की पुढच्या साली चारा चांगला येतो" या समजुतीने. वाळलेलं गवत वाऱ्यावर माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात पेटत जातं. आणि हीच जमिनीवरच्या अंड्यांची वेळ.

हंगामाआधी गवताचे पट्टे काढून जाळरेषा तयार केल्या जातात. स्वयंसेवकांनी त्या रेषांवर फिरून उडून आलेला पाला झाडायचा आणि कुठे गवत पुन्हा माजलंय ते सांगायचं. पेटत्या आगीला सामोरं जाण्याचं काम प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं. तुम्ही वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर उभे राहा. टेरिकॉट-नायलॉनचे कपडे घालून आगीजवळ कोणालाच जाऊ देत नाही, कापड अंगाला चिकटतं.

किती वाजता यायचं, काय घालायचं?

सहाला माळावर, साडेदहाला परत. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि माळावर सावली नसते. दुपारची कामं आम्ही घेत नाही, कोणी कितीही उत्साही असो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, पूर्ण बाह्यांचा मातकट रंगाचा सुती सदरा, घोट्याच्या वर येणारे बूट. पांढरा आणि लाल रंग टाळा.

मोज्यांबद्दल एक सूचना. कुसळीचं बी मोज्यात शिरतं आणि ओलावा मिळाला की पिळा उलगडत आत आत घुसतं. लोकरी मोजे घातलेत तर संध्याकाळपर्यंत वेचत बसाल. पायजमा मोज्यांवर घ्या, त्यावर गेटर किंवा जुन्या जाड कापडाची पट्टी बांधा.

जेवणाची सोय?

आपला डबा आपण. कडक भाकरी आणि शेंगा चटणी उन्हात टिकते, म्हणून बहुतेक जण तेच आणतात. उष्टं माळावर टाकू नका. त्यावर गावातली भटकी कुत्री जमतात, मग ती तिथेच राहतात आणि काळविटाची पाडसं फाडतात. कुत्र्यांमुळे लांडग्यांत रोगही पसरतात. भूतदया म्हणून कुत्र्यांना बिस्किटं घालायची सवय असेल तर ती शहरात ठेवा.

लांडगा माणसावर येतो का?

इथला लांडगा तुम्हाला पाहून वाट सोडतो. त्याचं खरं भांडण मेंढपाळांशी आहे. वाड्यातलं कोकरू गेलं तर त्या घराचं नुकसान खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नका. भरपाईची सरकारी तरतूद आहे. मेलेलं जनावर न हलवता लगेच वन विभागाला कळवायचं, पंचनामा होतो. धनगर वाड्यावर गेलात तर मामांना एवढी माहिती द्या आणि अर्ज लिहायला मदत करा. लांडग्याच्या रक्षणाचं याहून सरळ काम नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओढ्याच्या दरडीत लांडग्याची पिल्लं असतात. बीळ सापडलं तर फोटो काढायला थांबू नका. माणसाचा वावर दिसला की मादी पिल्लं दुसरीकडे हलवते आणि त्या हलवाहलवीत पिल्लं दगावतात.

साप?

फुरसं आहे, घोणस आहे, नागही आहे. दगड हाताने उलटू नका, गवतात हात घालू नका, अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नका. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काहीही नाही. अंग हलू न देता थेट सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

लहान मुलं आणली तर चालतील का?

दहा वर्षांवरची, पालकांसोबत, नक्की आणा. मुलांना पाणवठ्याच्या चिखलातले ठसे ओळखायला फार आवडतं. शाळेचा आख्खा वर्ग एकदम नको, गट लहान हवेत.

फोटो, ड्रोन, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज?

फोटो काढा, पायवाटेवरून. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि आमच्यासोबत असताना तर नाहीच. आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीच्या दिवसांत नर प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावतो आणि तेवढ्यात अंडी उन्हात भाजतात. घरट्याचा किंवा बिळाचा फोटो जागेच्या खुणेसह व्हॉट्सॲपवर टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या असतात. एखाद्याने असं केलं तर आम्ही त्याला पुन्हा बोलावत नाही.

नोंदी कशा ठेवायच्या?

तारीख, वेळ, जागा, पक्षी किंवा प्राणी, संख्या, काय करत होता. खात्री नसेल तर "बहुधा" लिहा. "चंडोल, जात कळली नाही" ही नोंद चुकीच्या नावापेक्षा शंभरपट उपयोगाची. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. माळढोकासारख्या संवेदनशील पक्ष्याची नेमकी जागा तिथे आपोआप लपवली जाते. काहीच दिसलं नाही अशी सकाळही नोंदवा. पाणवठ्यावर काळवीट येणं थांबलं, हे अशाच रिकाम्या नोंदींतून लक्षात येतं.

बुद्ध पौर्णिमेची गणना म्हणजे काय? मला बसता येईल?

वैशाखातल्या पौर्णिमेला चांदणं लख्ख असतं आणि पाणी कमीत कमी जागी उरलेलं असतं. त्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर किंवा आडोशाला बसून येणारे प्राणी मोजतात. वन विभाग नोंदणी मागवतो, जागा थोड्या असतात, निवड त्यांची. रात्रभर बोलायचं नाही, विडी-सिगारेट नाही, अत्तर नाही, मोबाइल बंद. झोप आवरत नसेल तर अर्ज करू नका. तुमच्यामुळे दुसऱ्याची जागा जाते. या आकड्यांवरून एकूण संख्या काढता येत नाही, एकच काळवीट दोनदा मोजला जाऊ शकतो. पण वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच रात्री मोजलं की कल कळतो.

बार्शीकडे वाघ आला म्हणतात. इथे धोका आहे का?

२०२४च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशी-रामलिंग आणि बार्शी तालुक्याच्या भागात पोचला, हे खरं आहे. नान्नजच्या उघड्या माळावर वाघाला आडोसा नाही. ठसे मोठे दिसले तर पुसू नका, शेजारी पेन ठेवून फोटो काढा आणि वनरक्षकांना दाखवा.

नान्नजला जमलं नाही तर जवळपास कुठे?

हिप्परग्याचा एकरुख तलाव शहराला लागून आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी वसंतातही असतात, पाणी ओसरून चिखल उघडा पडला की जास्तच. सकाळी एखादा तासच मोकळा असेल तर विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार.

प्रमाणपत्र मिळेल का?

कॉलेजला हवं असेल तर कामाचे तास लिहून देतो. एका सकाळीचं देत नाही.

शेतातून गेलेलं चालतं का?

मालकाला विचारल्याशिवाय नाही. मार्चमध्ये द्राक्षाची तोड चालू असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, माणसं घाईत असतात. "राम राम काका, बांधावरून जाऊ का?" एवढं पुरतं, बहुतेक वेळा पाणी आणि द्राक्षंही पुढे येतात. पक्षी, हरणं पिकात येतात का, कधी येतात, हे विचारा आणि लिहून घ्या. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी अजून पेरणारे शेतकरी भेटले तर त्यांच्याशी जरूर बोला. कोरडवाहू ज्वारीचं रान टिकणं हे माळाच्या पक्ष्यांसाठी अभयारण्याइतकंच महत्त्वाचं आहे. हरणांनी पीक खाल्ल्याची तक्रार असेल तर वाद घालू नका, ती ऐका.

गवतात हरणाचं पाडस एकटं पडलेलं दिसलं. उचलून आणू का?

आणू नका. मादी पाडसाला गवतात दडवून स्वतः लांब चरायला जाते, म्हणजे तिच्यावरून कोणाला त्याचा माग लागू नये. पाडस हालचाल न करता मान जमिनीला लावून पडून राहतं. ते आजारी नाही, अनाथ नाही. तुम्ही त्याला उचललंत, बाटलीने दूध पाजलंत तर दुधाने हगवण लागून ते मरण्याचीच शक्यता जास्त. शिवाय काळवीट कायद्याने संरक्षित आहे, घरी नेणं गुन्हा ठरतो.

आल्या पावली मागे व्हा. कुत्री आसपास असतील तर लांब राहून हुसकावा. जखम दिसत असेल, अंगावर माश्या घोंगावत असतील, किंवा शेजारी मादी मेलेली असेल तरच १९२६ ला फोन करा. जागा सांगताना जवळचा विजेचा खांब, बांध किंवा विहीर यांची खूण द्या, आणि वनरक्षक येईपर्यंत रस्त्यावर थांबा, म्हणजे त्यांना शोधत फिरावं लागणार नाही.